नव्या हिरवळींतील तण

नव्यानें पेरलेल्या हिरवळींत जें पहिलें हिरवें डोळ्यांस दिसतें, तें पुष्कळदां पेरलेलें गवत नसतेंच. युरोप-अमेरिकेंतील थंड हवेंत हिरवळीसाठीं ज्याचा मान मोठा, तें केंटकी ब्ल्यूग्रास नांवाचें गवत उगवावयास दोन ते चार आठवडे घेतें. आणि ज्यांस कोणीं पेरलें नाहीं, कोणीं विचारलें नाहीं, तीं तणें आठवड्याभरांत डोकें वर काढून बसतात. हौशी गृहस्थ प्रथम हरखून जातो, मग वांकून पाहूं लागतो, आणि शेवटीं बीं विकणाऱ्या दुकानदारास शिव्या देतो. त्या शिव्या कितपत रास्त आहेत, आणि या अनाहूत पाहुण्यांचा बंदोबस्त मनुष्यानें आजवर कसकसा केला, याचा इतिहास वाटतो त्यापेक्षां लांब आहे. वनस्पतिशास्त्रांत 'तण' नांवाचें कुळ नाहीं. ज्या काळीं जें हत्यार हातांत होतें, त्या हत्यारानें एखाद्या रोपट्याला तण ठरविलें किंवा सोडून दिलें, असें मला हा इतिहास वाचतांना वारंवार वाटलें. आणि तेंच येथें दाखवावयाचें आहे.

या विषयावरील फार जुनें आणि फार स्पष्ट लेखन तेराव्या शतकांतलें आहे. अल्बर्टस मॅग्नस हा जर्मन डॉमिनिकन साधु थॉमस अक्वायनसचा गुरु म्हणून तत्त्वज्ञानाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्यानें इ. स. १२६० च्या सुमारास वनस्पतींवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला, आणि त्यांत मनाच्या विश्रांतीसाठीं करावयाच्या बागेचा विधि सांगितला. जागा खणून सारीं मुळें काढून टाकावीं. मग सबंध जमिनीवर उकळतें पाणी ओतावें, म्हणजे मातींत दडून राहिलेलीं मुळें व बिया मरतील आणि पुन्हां उगवणार नाहींत. त्यानंतर बारीक गवताच्या, मातीसकट कापलेल्या ढेपा तेथें मांडून त्या लाकडी मोगऱ्यांनीं ठोकाव्या व पायांनीं तुडवाव्या. इतक्या कीं, गवत जवळजवळ दिसेनासें व्हावें. मग तें केंसांसारखें बारीक होऊन हळूहळू वर येतें. सुमारें १३०५ सालीं बोलोन्याच्या पिएत्रो दे क्रेशेन्झी यानें हाच विधि आपल्या कृषिग्रंथांत उतरून घेतला. एवढ्या जमिनीस पुरेल इतकें पाणी उकळावयास किती सरपण जाळावें लागेल, याचा हिशेब अल्बर्टसनें दिलेला नाहीं. तो मठाच्या स्वयंपाक्यास विचारावयास हवा होता. तथापि एक गोष्ट या धर्मशास्त्र्याला पक्की कळली होती. तण बाहेरून येण्यापूर्वीं आंतच असतें. ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध व्हावयास पुढें सहाशें वर्षें लागलीं.

इंग्लंडांत हिरवळीची हौस वाढली तेव्हांही बराच काळ, पेरण्यापेक्षां ढेपा आणून बसविण्याकडेच जाणत्या माळ्यांचा कल असे. मेंढ्यांनीं पिढ्यान् पिढ्या चरलेल्या माळरानांवरचें गवत आंखूड, दाट व मुरलेलें असतें. तें कापून आणावें, लांब दांड्याच्या विळ्यानें पहाटेच्या दंवांत छाटीत राहावें, आणि मधून उगवणारें तण हातांनीं काढावें. हे हात कोणाचे? आठव्या हेन्रीच्या काळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या हिशेबांत खुरपणी करणाऱ्या बायकांच्या मजुरीच्या नोंदी आहेत, आणि पुढेंही मोठमोठ्या उद्यानांच्या वह्यांतून त्या भेटत राहतात. मजुरी अर्थातच पुरुष माळ्याहून कमी. शेतांत उकिडव्या बसून ओळीनें पुढें सरकणाऱ्या आपल्याकडच्या निंदणीच्या बायका ज्यानें पाहिल्या आहेत, त्यास हें चित्र परकें वाटणार नाहीं. राजवाड्यापुढचा तो गुळगुळीत गालिचा स्वस्त मजुरीवर उभा होता, ही गोष्ट उद्यानकलेचे इतिहासकार जातां जातां सांगतात. मला ती अगोदर सांगण्यासारखी वाटते.

१८३० सालीं ग्लॉस्टरशायरमध्यें स्ट्राउडजवळ राहणाऱ्या एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या भागांत लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावरील लव एकसारखी कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. या यंत्राचे गोडवे पुष्कळांनीं गाइले आहेत. त्याचा तणांवर झालेला परिणाम मात्र थोड्यांनीं पाहिला. एकसारख्या उंचीवर वारंवार कातरी फिरूं लागली म्हणजे उंच वाढून फुलणारें तण बीं धरण्यापूर्वींच संपतें. पण जें जमिनीला पानें चिकटवून बसतें, त्याच्या डोक्यावरून कातरी निघून जाते. डेझी, इसबगोलाच्या कुळांतील प्लँटेन, आणि आपल्या पाथरीची आठवण करून देणारें पिंवळ्या फुलाचें डॅन्डेलियन हीं अशांपैकीं. यंत्रानें एका जातीच्या तणांस मारलें आणि दुसऱ्या जातीच्या तणांस जणूं कवाईत शिकवून फौजेंत घेतलें.

या कातरीचा दुसराहि एक गुण आहे, तो डार्विनच्या नजरेस आला. आपल्या घराजवळ त्यानें तीन फूट रुंद व चार फूट लांब असा हिरवळीचा एक लहानसा तुकडा न कापतां वाढूं दिला. त्यांत वनस्पतींच्या २० जाति होत्या. कातरणें थांबतांच बलिष्ठ जाति माजल्या आणि दुबळ्या ९ जाति नाहींशा झाल्या. म्हणजे कातरणीमुळेंच दुबळ्यांना आसरा मिळत होता. परंतु माझें लक्ष त्या आंकड्याकडे जातें. इंग्लंडांतील एका सुखवस्तु व सुसंस्कृत गृहस्थाच्या हिरवळींत बारा चौरस फुटांत वीस जाति नांदत होत्या, आणि त्याची त्याला किंवा त्याच्या शेजाऱ्यांना लाज वाटत नव्हती!

आतां दुकानदाराकडे वळूं. ढेपा सर्वांस परवडण्यासारख्या नव्हत्या, म्हणून गवताचें बीं पेरण्याची चाल वाढली. पण तें आणावयाचें कोठून? वाळल्या गवताच्या कोठारांत तळाशीं सांचलेला चुरा झाडून तोच 'गवताचें बीं' म्हणून पेरण्याची रीत पूर्वीं होती, आणि त्यांत कुरणांतली सारी प्रजा आयतीच येई. विकत मिळणारें बीं नेहमींच याहून चांगलें असे, असेंही नाहीं. इंग्लंडांतील कांहीं व्यापारी जुनें बीं रंगवून ताजें म्हणून खपवीत. कांहीं तर याच्याही पुढें गेले होते. हलकें स्वस्त बीं ते मुद्दाम मारून टाकीत आणि मग तें उत्तम बियांत मिसळीत. कारण जिवंत हलकें बीं उगवून लबाडी उघडी करतें, मेलेलें बीं साक्ष द्यावयास येत नाहीं. १८६९ सालीं पार्लमेंटला बीं मारण्याविरुद्ध आणि रंगविण्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षीं सॅक्सनींतील थारांट येथील प्राध्यापक फ्रीड्रिख नोबे यांच्याकडे उंच फेस्क्यू या गवताचें म्हणून विकलेलें बीं तपासणीस आलें. त्यांत त्या गवताचें बीं शेंकडा ३० च निघालें. नोबे यांनीं बीं तपासण्याची पहिली प्रयोगशाळा तेथेंच उभी केली, आणि १८७६ सालीं या शास्त्रावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील मेरीजव्हिल गांवीं स्कॉट नांवाच्या व्यापाऱ्यानें याच सुमारास तणरहित बियांवरच आपली पेढी उभारली. आणि १९३९ च्या संघराज्याच्या कायद्यानें पिशवींत तणाचें बीं किती आहे हें चिठ्ठीवर छापणें व्यापाऱ्यांस भाग पाडलें. तेव्हां आमच्या हौशी गृहस्थाच्या आजोबांनीं दुकानदारास शिव्या दिल्या असतील तर त्या योग्यच होत्या. नातवानें त्या देण्यापूर्वीं पायांखालीं पाहावें.

पायांखालीं काय असतें, हें प्रथम मोजलें तेंही डार्विननेंच. १८५७ सालीं त्यानें तीन फूट लांब व दोन फूट रुंद जमीन खणून साफ केली, आणि आपोआप उगवणारें तणाचें प्रत्येक रोप खूण करून मोजलें. ३५७ रोपें उगवलीं. त्यांपैकीं २९५ मुख्यतः गोगलगाई व किडे यांनीं खाऊन टाकलीं. कोणींही न पेरलेल्या सहा चौरस फूट जमिनींतून साडेतीनशेंवर रोपें! दुसऱ्या एका प्रसंगीं त्यानें तळ्याकांठचा चिखल आणून एका पेल्यांत झांकून ठेवला. वाळल्यावर तो पावणेसात औंस भरला. सहा महिन्यांत त्यांतून ५३७ रोपें निघालीं.

पण या बिया मातींत किती काळ जिवंत राहतात? या प्रश्नाला अमेरिकेंतील मिशिगन कृषि महाविद्यालयाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम जेम्स बील यांनीं जें उत्तर शोधलें, त्याला माझ्या मतें विद्येच्या इतिहासांत जोड थोडी. खुरपून खुरपून शेतांतलें तण कधीं तरी संपेल काय, असें शेतकरी त्यांना विचारीत. १८७९ सालीं बील यांनीं २० बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलींत वीसहून अधिक प्रकारच्या वनस्पतींच्या पन्नास पन्नास बिया ओलसर वाळूंत मिसळून घातल्या. आणि पाणी सांचूं नये म्हणून तोंडें तिरपीं खालीं करून, बुचें न लावतां, त्या महाविद्यालयाच्या आवारांत पुरल्या. दर पांच वर्षांनीं एक बाटली काढावयाची होती. पुढें मध्यंतर दहा वर्षांचें, आणि नंतर वीस वर्षांचें झालें. बील १९२४ सालीं वारले. बाटल्यांची जागा दाखविणारा नकाशा एका प्राध्यापकाकडून दुसऱ्याकडे, गुरूकडून शिष्याकडे, वारशासारखा येत राहिला. सोळावी बाटली २०२१ च्या एप्रिलमध्यें निघाली. बियांस उजेड लागूं नये म्हणून पहांटेपूर्वीं, अंधारांत, मंद विजेऱ्या घेऊन मंडळी खणावयास गेलीं. १४१ वर्षें भूमिगत असलेल्या त्या बियांपैकीं व्हर्बॅस्कम नांवाच्या एका पिंवळ्या फुलाच्या तणाचें बीं तेव्हांही उगवलें. अजून चार बाटल्या जमिनींत आहेत. पुढली २०४० सालीं काढावयाची आहे.

उजेडाची ही खबरदारी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कित्येक तणांचें बारीक बीं उजेडाचा स्पर्श झाल्यावांचून जागें होत नाहीं. नवी हिरवळ करावयाची म्हणून आपण जमीन खोल खणतों, उलथतों, ढेंकळें फोडतों, तेव्हां खालचें झोंपलेलें बीं वर आणून उजेडांत पसरतों, आणि नंतर त्याला रोज पाणी घालतों. दुकानदाराचा यांत काय अपराध?

जमिनींतल्या या सांठ्याचीही वंशावळ असते, आणि अमेरिकेंतील ती विशेष चमत्कारिक आहे. केंटकीचें नांव मिरविणारें तें ब्ल्यूग्रास मूळचें केंटकीचें नव्हे. गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर तें युरोपांतून आलें. डॅन्डेलियन आणि प्लँटेन हीं पण तशींच आलीं. जॉन जोसेलिन या इंग्रजानें १६७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत, इंग्रजांनीं न्यू इंग्लंडमध्यें शेती व गुरें आणल्यापासून तेथें नव्यानें उगवूं लागलेल्या वनस्पतींची यादीच दिली आहे. प्लँटेनला तेथील मूळचे रहिवासी 'इंग्रजाचें पाऊल' म्हणत, असें त्यानें नमूद केलें आहे. इंग्रज जेथें जेथें पाऊल ठेवी तेथें तेथें तें उगवे, ही त्यामागची कल्पना. एकाच जहाजांतून उतरलेल्या या उतारूंपैकीं एकाला पुढें सोन्याच्या भावानें पेरलें जावें आणि दुसऱ्याला विष घालून मारलें जावें, याला वनस्पतिशास्त्रांत कांहीं आधार नाहीं.

आतां क्लोव्हरची हकीकत सांगावयाची, आणि ती जरा सावकाश सांगितली पाहिजे. पांढरें क्लोव्हर ही मेथी व लसूणघास यांच्या गोतांतली तीन पानांची वनस्पति. तिच्या मुळांवरील गांठींतून राहणारे जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात, हें जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल व विल्फार्ट यांनीं १८८० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. मेंढपाळांना तिचा गुण त्यापूर्वींपासून ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिरवळीच्या बियांच्या मिश्रणांत क्लोव्हर राजरोस घातलें जाई. तें लौकर उगवे, मोकळी जागा झांकून टाकी, उन्हाळ्यांतही हिरवें राही, आणि शेजारच्या गवताला खत पुरवी. नव्या हिरवळीचें तण दडपण्यास याहून चांगला सोबती मिळणें कठीण होतें.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत, वनस्पतींच्या वाढीच्या रसांसारखे कृत्रिम पदार्थ तयार करून त्यांचा अभ्यास चालला होता. त्यांपैकीं कांहीं पदार्थ जरा अधिक प्रमाणांत दिले तर रुंद पानांच्या वनस्पति वेड्यावांकड्या वाढून, पिळवटून मरतात आणि गवतें बहुतेक तशींच राहतात, असें आढळलें. शत्रूचीं पिकें मारण्यास याचा उपयोग करतां येईल काय, हाही विचार तेव्हां गुप्तपणें चालला होता. १९४४ सालीं अमेरिकन कृषि खात्यांतील मार्थ व मिचेल यांनीं प्रसिद्ध केलें कीं, टू-फोर-डी या पदार्थानें ब्ल्यूग्रासच्या हिरवळींतील डॅन्डेलियन व प्लँटेन मरतात आणि गवत शाबूत राहतें. पुढल्याच वर्षीं हें औषध बाजारांत आलें. बडिंगच्या कातरीला जे शरण आले नव्हते, ते या फवाऱ्याला शरण आले.

पण फवारा डॅन्डेलियन आणि क्लोव्हर यांत भेद करीत नव्हता. दोघांचीं पानें रुंदच. आतां प्रश्न असा पडला कीं औषध बदलावें कीं व्याख्या? व्याख्या बदलणें सोपें होतें. पंधरावीस वर्षांत क्लोव्हर बियांच्या पिशवींतून गेलें आणि तणांच्या यादींत आलें. आजा ज्याचें बीं विकत आणून पेरीत होता, नातू तेंच मारण्यासाठीं पैसे मोजूं लागला. क्लोव्हर गेल्यावर नत्राचा फुकटचा पुरवठा बंद पडला, म्हणून खताची पिशवी आली. आणि १९४७ पासून तर तणनाशक व खत एकाच पिशवींत मिळूं लागलें. आधीं दुखणें द्यावयाचें आणि त्याच पुडींत औषध बांधावयाचें, असा व्यापार वैद्यांना सुद्धां साधलेला नाहीं.

याच पदार्थाचा त्याच्या भाऊबंदाशीं संयोग करून केलेलें 'एजंट ऑरेंज' १९६५ पासून पांचसहा वर्षें व्हिएतनामच्या अरण्यांवर विमानांतून शिंपडण्यांत आलें. त्यांतील डायॉक्सिन हें घोर विष त्या भाऊबंदाबरोबर आलें होतें, टू-फोर-डीबरोबर नव्हे, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. खुद्द टू-फोर-डीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं 'कर्करोगास कदाचित् कारण होणारें' अशा वर्गांत घातलें. 'कदाचित्' या शब्दाकडेही दुर्लक्ष करूं नये. पण ज्या हिरवळीवर मुलें लोळतात तेथें त्या 'कदाचित्'चें वजन किती, हें शेतावरच्या हिशेबानें ठरविणें बरोबर नाहीं. राचेल कार्सन यांनीं १९६२ सालींच आपल्या ग्रंथांत लिहिलें होतें कीं, क्रॅबग्रास हें तण हिरवळीच्या रोगाचें लक्षण आहे, रोग नव्हे. त्यांचें ऐकणारे तेव्हां थोडे होते. २०१९ सालीं मिनेसोटा राज्यानें, मधमाशांचा ऱ्हास थांबावा म्हणून, लोकांनीं हिरवळींत क्लोव्हरसारख्या फुलणाऱ्या वनस्पति लावाव्या यासाठीं सरकारी तिजोरींतून मदत देण्यास सुरुवात केली. क्लोव्हर पुन्हां सभ्य झालें आहे.

नव्या हिरवळीची अडचण या औषधांनीं फारशी सुटलीही नाहीं. गवताचें कोंवळें रोप तणाइतकेंच नाजुक असतें. म्हणून नव्या गवतावर तीनचार वेळां कातरी फिरेपर्यंत हीं औषधें वापरूं नयेत, असें तीं विकणारेच सांगतात. पेरणीच्या वेळींच चालतील अशीं औषधें नंतर निघालीं. त्यांतील एकाची कुळकथा मजेदार आहे. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका शास्त्रज्ञाच्या ध्यानीं आलें कीं, बॉटलब्रशच्या झाडाखालीं तण फार थोडें उगवतें. लालभडक, बाटली घांसण्याच्या कुंचल्यासारख्या फुलांचें हें झाड आपल्याकडेही बंगल्याबंगल्यांतून आहे. त्या झाडाच्या स्रावांत सांपडलेल्या पदार्थाच्या धर्तीवर मेसोट्रायोन हें औषध तयार झालें. त्यानें तण पांढरें फटक पडून मरतें, आणि ब्ल्यूग्रासच्या पेरणीबरोबर तें चालतें. परंतु जुना उपाय यापेक्षां स्वस्त आहे. जमीन तयार करावी, पाणी द्यावें, आणि पेरूं नये. दोनतीन आठवड्यांत वरच्या थरांतलें तण उगवून आलें कीं तें हलक्या हातानें खरडून काढावें, माती पुन्हां उलथूं नये, आणि मग बीं पेरावें. थंड देशांत ही पेरणी वसंताऐवजीं शरदाच्या आरंभीं करावी, कारण क्रॅबग्रास वसंतांत उगवतें. उरलेलें हंगामी तण पहिल्या चार कातरण्यांत आपोआप जातें. यांत विकत घेण्याजोगें कांहीं नसल्यामुळें याची जाहिरात कोणी करीत नाहीं. आमच्या पठारावरचा रब्बीच्या ज्वारीचा शेतकरी पावसाळाभर शेत पडीक ठेवून, तण उगवेल तसतसा कुळव फिरवितो आणि मग पेरतो. तो हेंच करीत असतो.

त्याच शेतकऱ्याचा हाडवैरी मात्र कुळवाला दाद देत नाहीं. ती हरळी, तिलाच आपण दूर्वा म्हणतों, इंग्रज बर्म्युडा ग्रास म्हणतात, आणि उष्ण देशांत जगभर हिरवळीसाठीं तिलाच पसंती आहे. काळ्या रानांत तिच्या काशा हात हात खोल जातात. उन्हाळ्यांत जमीन खोल नांगरून, वर आलेल्या काशा बायकापोरें वेंचतात, आणि बांधावर त्यांचे ढीग वाळवून जाळतात. शहरांतल्या नव्या बंगल्यापुढें त्याच हरळीचे तुकडे करून ते बोटभर अंतरावर टोंचतात. पाऊस पडला कीं त्यांच्यामधून लव्हाळा उठतो, आणि मग खुरपीं घेतलेल्या चारपांच बायका त्या हिरवळीवर उकिडव्या बसून, ओळ धरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लव्हाळ्याच्या गांठी उपटीत जातात.